मुलीचा व्हिसा कोणता?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे स्थळांच्या गप्पांना जोर येतो. गंगापूर रोड असो की सिडको, 'मुलगा अमेरिकेत आहे' म्हटलं की समोरची माणसं सावरून बसतात. पगार विचारला जातो, पत्रिका जुळवली जाते. आपली मुलगी तिथे कुठल्या व्हिसावर जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. तिला तिथे स्वतःचे चार पैसे कमावता येतील का, हे तिच्या डिग्रीच्या आधी या कागदावर ठरतं, म्हणून आम्ही आज त्याच विषयावर बोलणार आहोत.

आयटीतला मुलगा बहुतेक वेळा एच-वन-बी व्हिसावर असतो. त्याची बायको जाते एच-फोरवर, म्हणजे 'नोकरदाराच्या घरचं माणूस' म्हणून. एच-फोरवर राहता येतं, कॉलेजात शिकता येतं, बँकेत खातं उघडता येतं. नोकरी मात्र करता येत नाही. बऱ्याच मुलींना वाटतं, नोकरी नाही तर घरून डबे देऊ, शिकवण्या घेऊ. पैसे घेतले की तेही कामच धरलं जातं आणि व्हिसा अडचणीत येतो.

२०१५ च्या मे महिन्यात यात एक दार उघडलं. नवऱ्याच्या कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, ज्याला तिकडे आय-१४० म्हणतात, मंजूर झाला असेल, तर एच-फोरवरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. हे परवाने मिळालेल्यांत बहुसंख्य बायका आहेत आणि त्यातल्या बहुतेक भारतीय. पण परवाना मुदतीचा असतो, पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो. पूर्वी वेळेत अर्ज केला असेल तर जुना परवाना काही काळ चालायचा. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नव्या अर्जांसाठी ती सवलत काढून घेतली गेली. म्हणजे कागद वेळेत आला नाही, तर चालू नोकरी थांबवून घरी बसायचं.

मग ग्रीन कार्डच घ्यावं ना, असं आपण सहज म्हणतो. नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातही बायकामुलं धरलेली. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत. चिमुकला देश असो की आपला भारत, मर्यादा तीच. म्हणून आपल्या लोकांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. तान्हं असताना नेलेलं मूल रांगेतच २१ वर्षांचं झालं, तर आईबापांच्या व्हिसावर राहू शकत नाही.

आता डिग्रीचं. आपल्या नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, फार्मसीची कॉलेजं तर गल्लोगल्ली म्हणावीत इतकी. चार वर्षांची बी.फार्म. केलेल्या मुलीला तिथे फार्मासिस्ट व्हायचं असेल, तर परकीय पदवीधरांच्या परीक्षेला बसण्याआधीच अडतं. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा लागतो. सहा वर्षांची फार्म.डी. केलेलीला ही अडचण येत नाही. दातांच्या डॉक्टरला बहुतेक राज्यांत पुन्हा दोन-तीन वर्षं तिथल्या कॉलेजात काढावी लागतात आणि फी ऐकून छातीत धडकी भरते. नर्सला परीक्षा द्यावी लागते, पण तिचा रस्ता त्यामानाने सरळ. बारावीनंतर कोर्स निवडतानाच हे माहीत असलं तर बरं नाही का?

सगळ्यात नाजूक गोष्ट वेगळीच आहे. एच-फोर नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. घटस्फोट झाला तर हिचा एच-फोर संपला. त्रास होत असला तरी मुलगी फोनवर 'सगळं ठीक आहे' का म्हणते, हे आयांनी यावरून ओळखावं. तिला सोसायला सांगण्याआधी विचारा: पासपोर्ट कुणाकडे आहे? तो तिच्याच कपाटात हवा, आणि सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी.

स्थळ बघताना दोन प्रश्न न लाजता विचारा. आय-१४० मंजूर झाला आहे का? नसेल तर कंपनीने निदान सुरुवात केली आहे का? मुलाकडच्यांना राग आला तर येऊ द्या. पगार विचारताना आपण कुठे लाजतो?

आणि लग्नाच्या खरेदीतून एक दिवस काढून विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मागवून घ्या. मुलगी तिकडे गेल्यावर त्यासाठी म्हसरूळला हेलपाटे आईलाच घालावे लागतात. पदवी, पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, ते हे कागद समोर ठेवूनच ठरवा.