डच अंगरख्यावरचं कोरोमंडलचं चीट

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रिसलंड प्रांतात हिंडेलोपन नावाचं चिमुकलं गाव आहे. अठराव्या शतकात तिथल्या बायका ‘वेंटके’ नावाचा पायघोळ, पुढून उघडा अंगरखा घालत. शिवण अस्सल तिकडची. कापड मात्र पुष्कळदा आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचं, हातानं रंगवलेलं चीट. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ते मच्छलीपट्टण, पुलिकत अशा बंदरांतून नेत.

हे काम भारी चिकाटीचं. सुती ताग्याला आधी हिरडा आणि म्हशीचं दूध पाजायचं, म्हणजे रेघ पसरत नाही. मग बांबूच्या कलमानं वेलबुट्टी काढायची: लोखंडाच्या पाण्यानं काळी रेघ, लाल हवं तिथे तुरटी. मुळांच्या रंगात कापड उकळलं की नेमकी तुरटीचीच जागा लाल होते! निळ्यासाठी बाकीचं सगळं मेणानं झाकून निळीत बुचकळायचं. धुऊनही न जाणारा हा रंग युरोपाला साधत नव्हता. फ्रान्सनं 1686 मध्ये अशा कापडावर बंदीच घातली. डचांनी नाही घातली. चालत्या गल्ल्यावर कोण पाणी सोडतो?

हिंडेलोपनच्या बायकांनी या कापडाला आपले रिवाज लावले. सुतकात लाल वर्ज्य, निळं-पांढरं चालायचं. स्पाकेनबुर्ख या दुसऱ्या डच गावातल्या काही वयस्कर बायका तर अजूनही खळ घालून पुठ्ठ्यासारखा कडक केलेला फुलाफुलांचा ‘क्रापलाप’ खांद्यांवर चढवतात. जुने वेंटके पाहायचे असतील, तर लेवार्डनचं फ्रिस संग्रहालय गाठावं.