नाईनचे पेड



गालिचा घ्यायचा नसला तरी पारखायची एक रीत सांगतो. झालरीतला एक दोरा चिमटीत धरा आणि त्याचा पीळ उलगडा. इराणातल्या नाईनचा गालिचा असेल, तर आधी तीन पेड सुटतील, मग त्या प्रत्येकातून आणखी तीन. झाले नऊ. सगळे मिळून सहा सुटले तर माल सरस, चारच सुटले तर फारच उंची. तिकडे पेडाला 'ला' म्हणतात. नऊ-ला, सहा-ला, चार-ला. पेड जितके कमी तितका ताणा बारीक, गाठी दाट आणि किंमत चढी. आपल्याकडे मान नऊवारीचा. तिथे हिशोब उलटा!

नाईन हे इस्फहानच्या पूर्वेला, वाळवंटाच्या कडेचं गाव. गालिच्यांत ते तसं नवखंच. इथले विणकर पिढ्यान्‌पिढ्या अबा विणत. अबा म्हणजे अंगावर घ्यायचा सैल लोकरी झगा. १९२८ साली रझा शाहच्या राजवटीने पुरुषांना युरोपीय पोशाखाची सक्ती केली आणि अब्याचं गिऱ्हाईक आटलं. पण बारीक सुताला सरावलेली बोटं रिकामी कशी बसणार? ती गालिच्याकडे वळली.

या नव्या धंद्यात सर्वांत मोठं नाव झालं ते फतहुल्ला हबीबियान यांचं. भाऊ महंमद यांच्यासह त्यांनी कारखाना उभा केला. मलईसारखी पांढरी किंवा गडद निळी जमीन, तीवर फिकट निळ्या वेली, आणि फुलांच्या कडा तेवढ्या रेशमाच्या. दिवा लागला की त्या कडा चमकतात. मला विचाराल तर भडक लाल गालिच्यांच्या गर्दीत हा संयम फार सुखावतो.

त्यांच्या कारखान्यातल्या गालिच्याच्या टोकाला 'हबीबियान' हे नाव विणलेलं असतं. नाव गाजलं, तशा नकलाही झाल्या. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, गालिचा उलटा करून गाठी बघा.

या गाठी बांधतात प्रामुख्याने बायका. सहा-लाच्या गालिच्यात चौरस मीटरला साधारण पाच लाख गाठी येतात. सराईत बाई दिवसाला आठ-दहा हजार बांधते. म्हणजे दोन बाय तीन मीटरच्या गालिच्यासाठी मागावर दोघी बसल्या, तर पाच-सहा महिने, तेही एक खाडा न करता. शेवटी मालकाचं नाव विणायचं, तेही त्यांच्याच बोटांनी.