नको म्हटलं तरी धावणारं लेकरू

वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग, चुलीत निखारे, कोपऱ्यात फवारणीचा पंप. दीड-दोन वर्षांचं लेकरू नेमकं तिकडेच धावतं. ‘नको’ त्याला कळतं, पण स्वतःला आवरण्याची मेंदूची ताकद अजून घडतेय. मारून ती येत नाही. जवळ जा, ‘चूल गरम आहे’ एवढंच सांगा, उचलून बाजूला न्या, हातात वाटी-चमचा द्या. पुन्हा पुन्हा करावं लागेल. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच धरावं: आईनं नाकारलेलं आजीनं देऊ नये.

कीटकनाशक मात्र समजावण्याची गोष्टच नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळात शेतकरी दगावले. औषध कुलपातच ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. लेकराच्या तोंडात गेलंच, तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, औषधाची बाटली सोबत घ्या.