बाराखांबीचे दगड आणि आपली शेते

(अंबाजोगाई परिसरातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून बियाणे, खते आणि फवारणी यांवर बोलणे झाले. मी आपल्या शेतातल्या जुन्या दगडांविषयी थोडे बोलणार आहे.

अंबाजोगाईचे सकलेश्वराचे पडके देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. खांबांवरून लोक त्याला बाराखांबी म्हणतात. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर, त्याच्या काळातले हे देऊळ. इथे त्याचे शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ चे लेख मिळाले. लढाईत पडलेल्या राम या भावाच्या स्मरणार्थ खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने देऊळ उभारले, हे शके ११६२ च्या लेखावरून कळते. तो दगड कुणी फोडून पायात घातला असता, तर लक्ष्मीचे नावही उरले नसते.

अशी देवळे आणि मठ चालत कशावर? शेतीवर. राजे, सरदार जमीन दान देत. तिच्या उत्पन्नातून पूजा, दिवाबत्ती, अन्नदान होई. इंग्लंडातही तसेच होते. साधूंनी ११३२ साली फाउंटन्स येथे मठ स्थापला; पुढे तो सिस्टर्शियन पंथात सामील झाला. ते आणि त्यांचे सेवकबंधू शेती करीत, मेंढ्या पाळीत; लोकरीवर मठ श्रीमंत झाला. १५३९ साली राजा आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद झाला, जमीन विकली गेली. छपराचे शिसे काढले गेले. पुढे त्याच्याच दगडांतून शेजारी एक वाडा उभा राहिला. जमीन तुटली की वास्तू पडते आणि पडली की दगड पळतात. हे सगळीकडे सारखेच.

आपल्याकडे दानाची नोंद पुष्कळदा दगडावर करीत. वर चंद्र-सूर्य कोरीत. म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावे. मध्ये मजकूर. दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून काही दगडांवर खाली गाढव कोरलेले असते. त्याला गद्धेगाळ म्हणतात. हा त्या काळचा सातबाराच समजा.

विहीर खणताना, शेततळे करताना, सपाटीकरणात असा दगड निघाला तर एवढे करा :

१. जेसीबी थांबवा. दगड शक्यतो जागचा हलवू नका.

२. त्यावर शेंदूर, तेल, ऑइलपेंट लावू नका. तारेच्या ब्रशने घासू नका. धुण्याला, बांधाला, पायरीला वापरू नका.

३. गट नंबर व तारीख लिहून ठेवा, फोटो काढा. तलाठ्यांना सांगा.

४. नाणी, दागिने किंवा मूर्ती निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निखात निधीची माहिती देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

‘दगड दाखवला तर जमीन जाईल’ या भीतीने अनेक लेख मातीत परत गाडले जातात. केवळ शिलालेख सापडल्याने जमीन सरकारजमा होत नाही. स्मारक संरक्षित करायचे तर सरकारला रीतसर अधिसूचना काढावी लागते. हरकत घेण्याची संधीही मिळते.

बाराखांबीचे जे पडायचे ते पडले. पण एखाद्या लक्ष्मीचे नाव अजून आपल्या बांधाखाली असेल. नांगर अडला, तर आधी खाली वाकून पाहा.