उताराला गवत, घराला आधार

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानातली माणसं. तुमच्यापुढं डोंगरउतारावरच्या घरांविषयी बोलायला उभा राहिलो, तर म्हणाल, "आमच्याकडं पावसाची वाट बघून डोळे शिणले आणि हा दरडींच्या गोष्टी सांगतो." पण थोडं ऐका. वाहतं पाणी माती नेताना तुमचं वावर आणि आमचं परसू असा भेद करत नाही. उतार जास्त असला की लवकर नेतं, एवढंच.

आमच्या जिल्ह्यातसुद्धा पूर्वेला शिरोळात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पश्चिमेला गगनबावड्यात हजारांनी मोजायचा. जुलै 2021 मध्ये पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ताच खचला. त्याच महिन्यात महाड तालुक्यात तळिये गाडलं गेलं. त्याआधी 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, आणि त्यानंतर 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी.

अशा वेळी शहाणी माणसं विचारतात, उतारावर घरं बांधलीच का? ज्याला सपाटीवर जागा नाही, किंवा सपाटीचा तुकडा पेरायला राखावा लागतो, तो उतारावरच बांधणार. उपदेशानं त्याचं घर हलत नाही.

माझीच चूक सांगतो. गोठा वाढवायला मी घरामागचा उतार पायथ्याशी चार फूट उभा तासला. दगडी भिंतीचा खर्च विचारला, तो दोन वर्षांच्या शाळूच्या पैशात बसेना. म्हटलं, पुढच्या साली बघू. पुढच्या साली मध्यरात्री माती गोठ्यात आली आणि बांधलेलं रेडकू गाडलं गेलं. तिथं पोरं झोपली असती तर?

तेव्हा कळलं की आधी पाणी, मग झाड. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरांवर पाणी होतं. ते पागोळ्यांतून त्याच उतारावर सोडलं, तर कुठलंही झुडूप माती धरणार नाही. पत्र्याला पन्हळ लावा. उताराच्या माथ्यावर आडवी चर काढून वरचं पाणी बाजूच्या ओघळीत नेऊन सोडा. मोरीचं पाणी उतारात मुरू देऊ नका. आणि पायथा तासू नका.

मग वाळा लावा. हो, उन्हाळ्यात माठात घालतो तोच. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या मातीत दहा फुटांपर्यंत. जून झालेलं पान गुरं फारसं खात नाहीत. कर्नाटकात गुंडलुपेटच्या बाजूचे शेतकरी फार पूर्वीपासून बांधावर वाळा लावत आले. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी त्याचा देशोदेशी प्रचार केला. शहाणपण मात्र शेतकऱ्याचंच!

ओळ समपातळीत हवी. सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेंड्याशी बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, शेंड्यावरून दगडाचा ओळंबा सोडा. सपाटीवर उभं करून पट्टीचा मध्य खुणेनं पक्का करा. दोरा त्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. ओळ तिरकी गेली तर पाणी तिच्याच कडेनं धावून घळ पाडतं. पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन फुटव्यांची ठोंबं चार ते सहा इंचांवर लावा. दोन ओळींत उभ्या मापानं तीन-चार फूट ठेवा. मेलेली ठोंबं त्याच पावसात सांधा, कारण एक खिंडार राहिलं की सगळं पाणी तिथूनच घुसतं. दाट कूड व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. मधल्या जागेत मारवेल, निरगुडी, कडेला घायपात चालेल. उंच, जड झाडं मात्र कड्याच्या टोकावर नकोत. वाऱ्यात ती मातीसकट उपटतात.

आता तुमच्या रानाचं. काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. वाळ्याची कूड पाणी अडवून तुंबवत नाही. ती पाण्याचा वेग मोडते, गाळ मागं ठेवते आणि पाणी हळूहळू पुढं सोडते. तुमचा गाळ म्हणजे तुमचं खत. ते ओढ्यात गेलं तर परत विकत आणावं लागतं.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. गवत वरची माती धरतं. खोलवर पाणी मुरून आख्खा डोंगर सुटला, तर त्याला वाळा थांबवू शकत नाही. माथ्यावर नवी भेग दिसली, झाडं-खांब कलले, दारं अचानक अडकू लागली, झरा गढूळ झाला, तर गुरं सोडा, माणसं बाहेर काढा आणि तहसीलला कळवा. त्या रात्री घर राखत बसू नका.

सरकारनं करायचं ते सरकारकडून मागूच. पण चर आणि ठोंबं यांना कुणाचा हुकूम लागत नाही. घरी गेल्यावर पाऊस पडताना एकदा बाहेर उभे राहा आणि आपल्या छपराचं पाणी कुठं जातं ते बघा. कामाला तिथून लागा.

एवढं बोलून थांबतो.