जनरल अरुणकुमार वैद्य आणि डेक्कन हॉर्स



नांदेडशेजारचे हिंगोली आणि लातूरशेजारचे अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, या एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेच्या, छावण्या होत्या आणि तिच्या घोडदळात शिलेदारी, म्हणजे स्वाराने स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस यावे, ही दख्खनची जुनी रीत चालत असे. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, तिच्या पथकांतून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट घडली आणि पुढे घोडे जाऊन तिच्याकडे रणगाडे आले. याच रेजिमेंटमध्ये १९४५ मध्ये अरुणकुमार श्रीधर वैद्य अधिकारी म्हणून दाखल झाले. हेच वैद्य १९८३ ते १९८६ या काळात भारताचे लष्करप्रमुख होते आणि निवृत्तीनंतर, ते लष्करप्रमुख असताना अमृतसरच्या सुवर्णमंदिरात १९८४ मध्ये झालेल्या लष्करी कारवाईच्या सूडापोटी, १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली.

घोड्याकडून रणगाड्याकडे वळणे सर्वांनाच जमले नाही. सोविएत सेनानी सिम्योन बुद्योन्नी घोडदळाच्या पराक्रमावर मार्शलपदाला पोहोचले, पण यंत्रयुद्धाचा काळ आला तरी त्यांची निष्ठा घोड्यावरच राहिली. याउलट वैद्यांच्या पिढीने घोडदळाचा आवेश रणगाड्यात आणला आणि, याहून अवघड गोष्ट म्हणजे, तो केव्हा आवरायचा हेही जाणले.

सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे लेफ्टनंट कर्नल वैद्य यांच्या डेक्कन हॉर्सकडे महायुद्धकालीन शेर्मन रणगाडे होते आणि समोर पाकिस्तानचे नवे अमेरिकी पॅटन. अशा वेळी चालून जाणे आत्मघाताचे ठरले असते. म्हणून भारतीय सैन्याने घोड्याच्या नालासारखी मांडणी केली, उंच उसात रणगाडे दडवले, पाणी सोडून शेतांचा चिखल केला आणि पॅटन टप्प्यात येईपर्यंत तोफा मुक्या ठेवल्या. तोफमाऱ्यातही वैद्य एका तुकडीकडून दुसरीकडे फिरत जवानांना धीर देत होते. तेथे सुमारे शंभर शत्रूरणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले आणि वैद्यांना महावीरचक्र, म्हणजे परमवीरचक्राखालोखालचा युद्धकालीन शौर्यसन्मान, मिळाला.

डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानातील शकरगड भागात प्रश्न नेमका उलटा होता. तेथे पुढे जायचे होते, आणि वाटेत बसंतर नदी व तिच्या काठची सुरुंगक्षेत्रे, म्हणजे जमिनीत स्फोटके पेरलेले पट्टे, होती. वैद्य यांच्या १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडने ती ओलांडली, तिच्यातील पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तेथेच लढताना धारातीर्थी पडले, आणि या लढाईतील नेतृत्वासाठी वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र देण्यात आले.