रबर, जस्त आणि आपला राब
(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

जमिनीच्या हक्काच्या अभ्यासवर्गात जस्त आणि बोरॉन कशाला, असं सकाळी काहींनी विचारलं. कारण सांगतो. आपल्या वरकस जमिनीला, एकसाली प्लॉटला साहेब लोक एकच शब्द लावतात, 'निकृष्ट'. तो शब्द आला की पुढचं वाक्य तयारच असतं: नागली-वरई पिकवून काय मिळणार, त्यापेक्षा झाडं लावू. कधी निलगिरी, कधी साग, उद्या रबर. म्हणून त्या शब्दात खरं किती, ते आपणच तपासायला शिकलं पाहिजे.

रबर हे मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं झाड. केरळात ते रुजलं, कारण तिथं वर्षात दोनदा पाऊस येतो, कोरडे महिने थोडे. आपल्याकडे दापचरीला रबर बोर्डाच्या संशोधन संस्थेचं केंद्र आहे. उत्तर कोकणात हे झाड कसं तगतं, ते तिथं पाहतात. आपला पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत संपतो. उन्हाळ्यात पाणी दिलं तर झाड वाढतं. न दिलं तर चीक काढण्याजोगं व्हायला जास्तच वर्षं लागतात. केरळातसुद्धा सहा-सात वर्षं थांबावं लागतं. तेवढी वर्षं पाड्यावरच्या माणसानं खायचं काय?

आता मातीकडे येऊ. नत्र, स्फुरद, पालाश ही नावं आपण ऐकली आहेत. त्याशिवाय जस्त, लोह, मँगनीज, तांबं, बोरॉन ही द्रव्यं पिकाला चिमूटभरच लागतात, पण नसली तर अडतं. कालवणात मीठ नसलं तर होतं तसं. रबराच्या रोपाला जस्त कमी पडलं की पानं अरुंद होतात, कडा लाटेसारख्या वळतात. स्फुरदाचं खत अति झालं तर जमिनीत असलेलं जस्तही झाडाला मिळत नाही. उलट चिकात तांबं किंवा मँगनीज जास्त गेलं तर रबर लवकर चिकट होऊन खराब होतं. म्हणजे ही द्रव्यं मोजूनच द्यायची असतात.

मळेवाला काय करतो? माती तपासतो, कमी असेल ते घालतो. त्याच्या मातीत जस्त कमी निघालं म्हणून त्याची जमीन कुणी निकृष्ट ठरवून काढून घेत नाही. मग आपलीच का? कमतरता म्हणजे नापीक जमीन नव्हे. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा.

आपल्या भाताचंच बघा. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर तांबूस ठिपके येतात, रोप खुजं राहतं. बऱ्याचदा ही जस्ताची कमतरता असते. उत्तरेत तिला 'खैरा' म्हणतात. दहा लाख भाग मातीत पिकाला घेता येईल असं जस्त 0.6 भागापेक्षा कमी असलं, की प्रयोगशाळा 'कमी' लिहिते. उपाय काय, तर एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट. ते सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून टाकू नका. एका पोत्याच्या आतलं काम आहे, त्यासाठी जमीन सोडायची नसते.

आणि आपला राब? ऐनाची मुळं खोलवरून जे वर आणतात, ते टहाळातून रोपाच्या वाफ्यात येतं. राखेत पालाश असतो, चुना असतो, थोडी सूक्ष्मद्रव्यंही असतात. नत्र मात्र जळून जातं, म्हणून सगळा पाला जाळू नका, काही शेणाबरोबर कुजवा. पण टहाळ तोडला म्हणून गार्ड दंड करतो, तेव्हा त्याला सांगा: टहाळाचा हक्क हा आमचा खताचा हक्क आहे.

नमुना असा घ्या. पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, एका शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून कडेची माती खरवडा. राबाची जागा, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. लाकडाची काडी वापरा; जस्ताची बादली आणि गंजलेली पहार नको, नाहीतर अहवालात आपल्या मातीऐवजी बादलीचंच जस्त येईल. सगळी माती मिसळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. चिठ्ठीवर नाव, पाडा, सर्व्हे नंबर लिहा. नंबर नसेल तर शेताला आपण ज्या नावानं ओळखतो ते लिहा. अहवालाची एक प्रत संघटनेच्या फायलीत ठेवा. त्यानं मालकी सिद्ध होत नाही, पण 'निकृष्ट' म्हणणाऱ्यापुढं ठेवायला आकडा मिळतो.

शेवटी कायद्याचं. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यात 1988 साली दुरुस्ती झाली. चहा, कॉफी, मसाले, रबर यांच्या लागवडीसाठी वनजमीन मोकळी करणं हे वनेतर काम, असं त्यात नाव घेऊन लिहिलं आहे. त्याला केंद्राची आधी मंजुरी लागते. म्हणून तुमची नागली म्हणजे अतिक्रमण आणि रबर म्हणजे जंगल, असं कुणी म्हणालं तर ही ओळ दाखवा. आणि सातबारा असलेली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानं द्यायची म्हटली तरी महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. मळ्याचा करार घेऊन कुणी पाड्यावर आला तर अंगठा देऊ नका, आधी बैठक बोलवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं दोन नमुने आणायचे आहेत, एक खाचराचा, एक वरकसचा.

जिंदाबाद!